पुढच्या चाकाचा हब

मारुती ८००च्या टायरवर १४५/७० आर १२ असं छापलेलं असतं. त्यावरून हिशेब केला तर चाकाचा परीघ एक मीटर साठ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे एक किलोमीटर कापायला चाकाला सव्वासहाशे फेऱ्या घ्याव्या लागतात आणि लाख किलोमीटर झाले की सव्वासहा कोटी. गाडी रिकामी असली तरी पुढच्या एकेका चाकावर दोनशे किलोंच्या आसपास वजन असतं. वळणावर ते एका बाजूला कलतं, ब्रेक दाबला की पुढे येतं, खड्ड्यात चाक आपटलं की क्षणभर कितीतरी पटींनी वाढतं. हे सगळं सोसणारा भाग दोन तळहातांत मावेल एवढा असतो. इंजिनाबद्दल आणि ॲव्हरेजबद्दल मालक तासन्‌तास बोलतात. हबचं नाव निघतं ते चाकातून आवाज यायला लागल्यावरच.

१९८३च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या. त्यांतल्या बऱ्याच अजून तालुक्याच्या गावी आणि शहरांच्या जुन्या सोसायट्यांत धावताना दिसतात. जुन्या गाडीचा हब कसा झिजतो आणि कसा बदलतात, हे समजून घ्यायला हीच गाडी सोयीची आहे. तिची रचना साधी आहे आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्री गावोगावी आहेत.

आधी रचना पाहू. चाक ज्या गोल पोलादी थाळीला नटांनी आवळलेलं असतं, ती थाळी आणि तिच्या मागचा जाड नळीसारखा दांडा मिळून हब होतो. या नळीला आतून खाचा असतात. इंजिनाकडून आलेला ड्राइव्ह शाफ्ट त्या खाचांत बसतो आणि चाकाला फिरवतो. फिरणाऱ्या हबला धरून ठेवणारा, स्वतः न फिरणारा ओतीव भाग म्हणजे नकल. शॉकॲब्सॉर्बर, स्टिअरिंगचा दांडा आणि ब्रेकचा कॅलिपर हे सगळे नकललाच येऊन मिळतात. फिरणारा हब आणि न फिरणारी नकल यांच्या मध्ये बेअरिंग बसतं. ८००मध्ये प्रत्येक पुढच्या चाकाला छर्‍यांची दोन बेअरिंगं असतात आणि त्या दोघांत ठरावीक लांबीची एक नळी, म्हणजे स्पेसर. बाहेरून मोठा नट आवळला की दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या कड्या आणि स्पेसर एकमेकांवर घट्ट दाबले जातात. गॅरेजात या कड्यांना रेस म्हणतात. हा नट पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

बैलगाडीत बेअरिंग नव्हतं. लाकडी तुंबा आखावर घासत फिरायचा आणि गाडीवान वंगण घालत राहायचा. घासण्याऐवजी गोळ्यांवरून घरंगळावं ही कल्पना मात्र जुनी आहे. वेल्समधल्या कारमार्थेनच्या फिलिप व्हॉन नावाच्या लोखंड कारखानदाराने १७९४ मध्ये घोडागाडीच्या आखासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. अडचण अशी, की एकसारख्या गोल गोळ्या बनवणं कोणाला जमत नव्हतं. एक गोळी जरा मोठी निघाली की सगळा भार तिच्यावर. १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिश फिशर याने गोळ्या घासून सारख्या करणारं यंत्र काढलं आणि पुढचा सगळा धंदा त्यावर उभा राहिला. अमेरिकेत हेन्री टिमकेनने १८९८ मध्ये निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट मिळवलं, तेही घोडागाडीसाठीच. स्वीडनमध्ये १९०७ मध्ये स्वेन विंगक्विस्टने एसकेएफ सुरू केली. तिचा चिंचवडचा कारखाना १९६०च्या दशकातला, त्यामुळे पिंपरी-चिंचवडच्या कित्येक घरांत बेअरिंग हा शब्द पगाराबरोबरच आला.

टिमकेनच्या जातीची बेअरिंगं जुन्या जीपच्या पुढच्या चाकांत असत. दोन निमुळती बेअरिंगं समोरासमोर, आणि नट किती आवळायचा ते मिस्त्रीच्या हाताने ठरायचं. चाक फिरवत नट घट्ट करायचा, मग जरासा मागे सोडायचा, कुलूप-वॉशर वाकवून दुसरा नट लावायचा. दरसाल उघडा, रॉकेलने धुवा, ग्रीस भरा, पुन्हा बसवा. त्यात बेअरिंगची झीज वेळेवर दिसायची, हा त्या पद्धतीचा मोठा फायदा. ८००सारख्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्या आल्या तशी ही हातातली जुळवाजुळव गेली. आता नट कंपनीने सांगितलेल्या जोराने आवळायचा आणि विसरायचं. विसरायचं हा भाग लोकांनी फारच मनावर घेतला.

बेअरिंगचं पोलाद साधं नसतं. त्यात सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं आणि ते काचेवर ओरखडा उठवेल इतकं कडक केलेलं असतं. तरी ते थकतं. छर्रा रेसवरून जाताना सगळ्यात जास्त ताण पृष्ठभागावर नसतो, त्याच्या किंचित खाली असतो. कोट्यवधी वेळा तोच ताण आला, की तिथे बारीक तडा जातो, तो वर येतो आणि एक दिवस रेसवरून पोलादाचा पापुद्रा उडतो. हे नैसर्गिक मरण. किती फेऱ्यांनंतर ते येईल याचं गणित १९४७ मध्ये लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन या स्वीडिश अभियंत्यांनी मांडलं. त्यातला एक निष्कर्ष गाडीवाल्याने लक्षात ठेवावा असा आहे: छर्‍यांच्या बेअरिंगवरचा भार दुप्पट केला, तर आयुष्य निम्मं होत नाही, एक अष्टमांश होतं. पाच जणांच्या गाडीत आठ जण आणि टपावर तांदळाची पोती घेऊन जाणाऱ्यांना हा घनाचा नियम माहीत नसतो, त्यांच्या बेअरिंगला तो लागू पडतोच.

आपल्याकडे नैसर्गिक मरण येण्याआधीच बेअरिंग बहुधा मारलं जातं. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं की छर्रे रेसमध्ये खळगे पाडतात. मग पुढची प्रत्येक फेरी त्या खळग्यांवरून. दुसरा मारेकरी पाणी. लांबच्या प्रवासाने हब तापलेला असतो, आतली हवा प्रसरण पावलेली असते. अशी गाडी पाणी भरलेल्या रस्त्यात घातली की हब एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, त्याचा चिकटपणा जातो, आणि गाडी आठवडाभर उभी राहिली तर छर्‍यांच्या जागी गंजाचे ठिपके उमटतात. २६ जुलै २००५च्या मुंबईतल्या पुरात बुडालेल्या गाड्यांची इंजिनं लोकांनी खोलून घेतली, चाकांची बेअरिंगं किती जणांनी पाहिली असतील? सर्व्हिस स्टेशनवर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने चाकाचा मध्य धुणं हाही त्याच गुन्ह्याचा छोटा भाऊ.

आवाज ओळखणं ही अर्धी विद्या. बेअरिंगचा आवाज घूंऽऽ असा सलग असतो, चाळीस-पन्नासच्या वेगाला सुरू होतो आणि वेगाबरोबर चढतो. तो गाडीच्या वेगाला बांधलेला असतो, इंजिनाच्या नव्हे. म्हणून मोकळ्या सपाट रस्त्यावर क्षणभर क्लच दाबून पाहावं. इंजिनाचे फेरे उतरले आणि घूं तसंच राहिलं, तर दोष चाकाकडे आहे. वेडावाकडा झिजलेला टायरही असाच ओरडतो. पण टायरचा आवाज डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेलं की बदलतो, बेअरिंगचा सहसा बदलत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना टकटक येत असेल तर तो ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्याचा रोग, हबचा नाही.

कुठल्या बाजूचं बेअरिंग गेलं हे वळणावर कळतं. गाडी डावीकडे वळली की वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्यावर. हा नियम नेहमी खरा ठरत नाही, म्हणून खात्रीसाठी चाक उचलावं. जॅकवर घेऊन, खाली घोडी लावून, एक हात शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगवर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवायचं. बिघडलेल्या बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट लागते, कानाला ऐकू येण्याच्या आधी. मग चाक घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवायचं. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला, तर तो बेअरिंगमध्ये होता. तरीही राहिला, तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन पाहायला हवं. तीन आणि नऊच्या जागी खेळ असेल तर आधी स्टिअरिंगचे टोकाचे सांधे तपासावेत. एवढं न करता थेट बेअरिंग बदलणारे मिस्त्री खूप आहेत, आणि बदलूनही आवाज तसाच, ही तक्रार घेऊन परत येणारे मालकही.

खोलण्याचं काम मेहनतीचं आहे, गूढ नाही. चाकाची मधली टोपी काढून स्प्लिट पिन ओढायची आणि मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा, गाडी गिअरमध्ये आणि ब्रेकवर पाय ठेवून. उचललेल्या गाडीवर लांब पाइप लावून हा नट सोडवायला जाणं म्हणजे घोडीवरून गाडी पाडायचा मार्ग. मग चाक, कॅलिपर. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये, तारेने स्प्रिंगला बांधावा. शॉकॲब्सॉर्बरचे दोन बोल्ट नकलला जिथे धरतात, तिथे खडूने किंवा छन्नीच्या टोकाने खूण करावी, नाहीतर चाकाचा कोन नंतर जुळत नाही. नकल सुटताना ड्राइव्ह शाफ्ट बाहेर ओढला जाऊ नये, कारण गिअरबॉक्सकडचा सांधा आतून निखळू शकतो. नकल टेबलावर आली की हब प्रेसने किंवा सरकत्या हातोड्याच्या पुलरने बाहेर काढतात. काही गाड्यांत ब्रेकची डिस्क हबच्या मागच्या बाजूने बोल्टने जखडलेली असते. तिथे डिस्क बदलायची तरी हेच सगळं करावं लागतं.

हब बाहेर येतो तेव्हा बाहेरच्या बेअरिंगची आतली रेस बहुतेक वेळा त्यालाच चिकटून येते. इथून जुन्या गाडीचा खरा प्रश्न सुरू होतो. ही रेस काढायला सर्रास ग्राइंडर लावला जातो. रेस कापताना ग्राइंडरचं चाक जरासं खाली गेलं, तर हबवर आडवी खाच पडते. फिरत्या भागावर खाच म्हणजे तड्याला दिलेलं आमंत्रण. रेस जाडीच्या तीन चतुर्थांशापर्यंत कापावी, मग छन्नीचा एक फटका द्यावा, ती आपोआप तडकते. कडक पोलाद ठिसूळ असतं, त्याचा हा फायदा घ्यायचा.

रेस निघाल्यावर तिच्याखाली काय दिसतं, यावर हब ठेवायचा की फेकायचा हे ठरतं. पृष्ठभाग चकचकीत, एकसारखा करडा असेल तर ठीक. तांबूस-तपकिरी भुकटी, घासल्याची चमक, किंवा बोटाला लागणारी पायरी असेल, तर रेस हबवर स्वतःच फिरत होती. आतली रेस हबवर घट्ट दाबून बसायला हवी. तीस मिलिमीटरच्या दांड्यावर तो घट्टपणा दोन ते पंचवीस मायक्रॉनच्या दरम्यान असतो. माणसाच्या केसाची जाडी सत्तर मायक्रॉनच्या आसपास धरली, तर एका केसाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतबाहेर हा सगळा खेळ आहे. समजा झिजून घट्टपणा गेला आणि उलट दहा मायक्रॉनची मोकळीक आली. रेसचा आतला घेर आता हबच्या घेरापेक्षा एकतीस मायक्रॉनने मोठा झाला. प्रत्येक फेरीला ती तेवढी मागे सरकते. एका किलोमीटरला सव्वासहाशे फेऱ्या, म्हणजे सरकणं सुमारे दोन सेंटिमीटर. दहा हजार किलोमीटरला जवळजवळ दोनशे मीटर पोलाद पोलादावर, वंगणाशिवाय, गाडीचं वजन घेऊन घासतं. म्हणून झिजलेल्या हबवर बसवलेलं नवं कोरं बेअरिंग काही महिन्यांत पुन्हा घूं करायला लागतं, आणि दोष बेअरिंगच्या कंपनीला दिला जातो.

हे जाणणाऱ्या मिस्त्र्यांनी तोडगे काढलेले आहेत. पंचाने हबवर टिपके मारून पृष्ठभाग उचलायचा. शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याची शिम घालायची. वेल्डिंग भरून लेथवर उतरवायचं. टिपक्यांचे उंचवटे पहिल्या काही दिवसांत चपटे होतात. पत्रा एका ठिकाणी दुमडला की रेस तिरकी बसते. वेल्डिंगच्या उष्णतेने हबची थाळी वाकते आणि पोलादाचे मूळ गुण त्या जागी जातात. अगदी थोडी मोकळीक असेल तर रेस चिकटवणारं रसायन काही काळ काम करतं, एवढीच सवलत मी देईन. चाकाला गाडीशी जोडणाऱ्या भागावर जुगाड करू नये. पंखा बंद पडला तर घाम येतो. हब तुटला तर चाक गाडीच्या पुढे धावतं.

हबमध्ये पाहण्यासारखं आणखीही असतं. आतल्या खाचा झिजल्या असतील तर पहिला गिअर टाकून निघताना टक्‌ असा आवाज येतो. थाळी वाकली आहे का, हे डायल गेजने पाहतात. पाच शतांश मिलिमीटरच्या वर लचक असेल तर हब बाद धरावा, कारण तीच लचक डिस्कच्या कडेला वाढून पोहोचते आणि ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर येते. चाकाचे स्टड हवेच्या गनने आवळून आवळून ताणलेले असतात. तेवढेच खराब असतील तर ठोकून नवे घालता येतात, त्यासाठी हब टाकायची गरज नाही. आणि नकलचा आतला घेरही मोजायला विसरू नये. बाहेरची रेस तिथे फिरलेली असेल, तर नवा हब आणि नवं बेअरिंग दोन्ही वाया.

नवा हब घ्यायचा कुठून? मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, आणि जुना हब स्वस्त पडतो. घ्यायला हरकत नाही, पण मायक्रोमीटर घेऊन जावं, आणि तिथेच मोजावं. बेअरिंग मात्र कधीही जुनं घेऊ नये, आणि नवंही अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावं. नामांकित कंपन्यांच्या खोक्यांत बनावट माल भरणारे लोक या धंद्यात पुष्कळ आहेत. भाव निम्मा सांगितला, तर का ते विचारावं.

बसवताना एकच तत्त्व: जी रेस घट्ट बसवायची, जोर तिच्यावरच यायला हवा. बेअरिंग नकलमध्ये दाबताना बाहेरच्या रेसवर, हब बेअरिंगमध्ये दाबताना आतल्या रेसला मागून आधार देऊन. जोर छर्‍यांतून गेला की खळगे गाडी गॅरेजबाहेर पडण्याआधीच पडलेले असतात. म्हणून हातोडा नको, प्रेस हवा. जवळ प्रेस नसेल तर नकल लेथवाल्याकडे किंवा प्रेसवाल्याकडे घेऊन जावी. गॅसच्या ज्योतीने बेअरिंग तापवणाऱ्याकडे नेऊ नये. एकशे वीस अंशांच्या वर गेलं की पोलादाचा कडकपणा उतरायला लागतो. स्पेसर जागचा तोच, बेअरिंगांच्या मध्ये जायला हवा. उघड्या बेअरिंगांत लिथियमचं चांगलं ग्रीस छर्‍यांच्या आत दाबून भरावं, पण नकलची पोकळी ठासून भरू नये. जास्तीचं ग्रीस घुसळून तापतं आणि सीलमधून बाहेर येतं. सील नवेच.

शेवटी तो मोठा नट. त्याचा जोर छोट्या गाड्यांत साधारण दीडशे ते अडीचशे न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. नट सैल राहिला, तर आतल्या रेस आणि स्पेसर एकमेकांवर दाबले जात नाहीत, रेस सरकायला लागतात, आणि वर सांगितलेले दोनशे मीटर पुन्हा सुरू होतात. टॉर्क रेंच नसलेल्या गॅरेजात अंदाजाने पाइप लावून आवळतात. तिथे निदान स्वतः उभं राहून विचारावं. नट सैल असताना गाडी चाकावर उतरवून ढकलू नये, कारण आवळ नसलेल्या बेअरिंगवर सगळं वजन चुकीच्या जागी येतं. स्प्लिट पिन नवी घालावी, जुनी सरळ करून नाही. काम झाल्यावर अलाइनमेंट तपासावी.

अनेक नव्या गाड्यांत हा उपद्व्याप बराच कमी झाला आहे. हब आणि बेअरिंग मिळून एकच सीलबंद भाग येतो, तो नकलला तीन-चार बोल्टांनी लागतो, प्रेस लागत नाही. २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. त्यासाठी प्रेसने बसवायच्या काही बेअरिंगांच्या एका सीलमध्ये चुंबकीय कण असतात, ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. उलटं बसवलं तर चाक सुरेख फिरतं आणि डॅशबोर्डवरचा दिवा कायमचा लागतो. सीलबंद भागात झीज मोजण्याचा प्रश्न उरत नाही, पण एक बेअरिंग गेलं की अख्खा भाग फेकावा लागतो आणि त्याचा भाव त्याप्रमाणे असतो.

८०० किंवा तिच्या पिढीची कुठलीही गाडी असेल, तर गॅरेजात गेल्यावर मिस्त्रीला आधी एवढंच सांगा: जुना हब काढल्यावर मला दाखव, आणि बेअरिंग बसवण्याआधी मायक्रोमीटर लाव. मायक्रोमीटर नसेल किंवा तो हसला, तर गाडी दुसरीकडे न्या.